अडगळीची उत्तरपूजा

(मंडळाच्या गणेशोत्सवात महिला विभागाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



"वहिनी, यंदा तुम्ही बोलायचं," असा चिटणीसांचा फोन आला तेव्हा मी घाबरूनच विषय विचारला. ते म्हणाले, "घरातलाच एखादा घ्या." फोन ठेवून मागच्या युटिलिटीत गेले, तर विषय तिथे उभाच होता. बंद पडलेले वॉशिंग मशीन, त्यावर मोटार जळालेला वेट ग्राइंडर, दोन मिक्सर, एक इस्त्री आणि कोपऱ्यात इन्व्हर्टरची जुनी बॅटरी. गावाकडे माळा असायचा. इथे बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये माळ्याचे काम युटिलिटी करते. "जुनं ते सोनं" म्हणत आपण वस्तू ठेवतो आणि मग दिवाळीच्या साफसफाईत एकदम त्रासून मिळेल त्याच्या हवाली करतो.

मीही तेच केले होते. आमचा २१ इंची, मोठ्या पाठीचा टीव्ही अनेक वर्षे इमानाने चालला. सपाट टीव्ही आला तेव्हा जुना कोणी फुकटही घेईना. शेवटी "हळे पेपर" ओरडत जाणाऱ्या गुजरीवाल्याला हाक मारली. त्याने १५० रुपये दिले. उलट पैसे मिळाले म्हणून मी खूश! तासाभराने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले, तर कोपऱ्यावरच्या रिकाम्या साइटवर तो दगडाने माझाच टीव्ही फोडत होता. त्याला हवी होती फक्त मागची तांब्याची गुंडाळी. ती काढून, बाकीचा सांगाडा तिथेच टाकून तो निघून गेला. त्याच साइटवर आमच्या गल्लीतली मुले क्रिकेट खेळत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाच्या तळव्यात काच घुसली. मलमपट्टी करताना त्याची आई म्हणत होती, "कोण लोक असे टाकतात, कोण जाणे!" मी गप्प राहिले. आज पहिल्यांदाच चारचौघांत सांगते आहे, टाकणारी मीच होते.

त्यानंतर मी माहिती काढू लागले. त्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. आतले किरण बाहेर येऊ नयेत म्हणून ते मिसळलेले असते. काच अखंड असेपर्यंत त्याचा उपद्रव नाही, पण फुटून मातीत गेली की शिसे हळूहळू पाझरते, आणि शिशाचा सर्वांत जास्त अपाय लहान मुलांच्या मेंदूला होतो. वायरी जाळून तांबे काढतात तेव्हा प्लॅस्टिकच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये असतात. बॅटरीतले आम्ल गटारात ओततात. फ्रिजची नळी कापली की आतला वायू हवेत जातो. जुन्या फ्रिजमधला वायू ओझोनच्या थराला भोक पाडणारा होता. २००३ पासून आपल्याकडे नव्या फ्रिजमध्ये तो घालायला बंदी आली. पण त्याच्या जागी आलेला आर-१३४ए हा वायूही पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून भारी आहे. म्हणजे गुजरीवाल्याने मला दिलेले १५० रुपये फुकटचे नव्हते. त्याची किंमत त्याची स्वतःची फुफ्फुसे आणि त्या मुलाचा पाय मोजत होते.

आता कोणी म्हणेल, मग गरजूंना द्यावे. तोही अनुभव सांगते. नवा फ्रिज घेतला तेव्हा जुना मी आमच्या कामाच्या बाईंना दिला. दानाचे पुण्य लागले असे मानून बसले. तीन महिन्यांनी त्या संकोचत म्हणाल्या, "फ्रिज बेड, अम्मा." त्यांचे विजेचे बिल दरमहा ४०० रुपयांनी वाढले होते आणि दोनदा मेकॅनिकला पैसे द्यावे लागले होते. मला नकोसा झालेला खर्च मी त्यांच्या दारात नेऊन ठेवला होता! तेव्हापासून नियम केला. वस्तू द्यायची तर दुरुस्त करून, चालवून दाखवून द्यायची, आणि "नको" म्हणायची मोकळीक ठेवून द्यायची.

मग करायचे काय? सुदैवाने आपण योग्य गावात राहतो. घातक नसलेल्या पद्धतीने हे सामान सुटे करण्याचा सरकारमान्य कारखाना देशात प्रथम उभा राहिला तो आपल्याजवळच, तुमकूर रस्त्यावरील दाबसपेट येथे. पी. पार्थसारथी यांनी २००५ साली सुरू केलेला तो 'ई-परिसरा'. कचरावेचकांना संघटित करणारी 'हसिरु दळ' आणि 'साहस' या संस्थाही इथल्याच. वॉर्डातल्या सुका कचरा संकलन केंद्रांपैकी अनेक केंद्रे कचरावेचकच चालवतात. म्हणून गुजरीवाल्यावर राग धरू नका. कागद, लोखंड, भांडी खुशाल त्यांना द्या. त्यांच्यामुळेच हे शहर चालते आहे. फक्त ज्यात विष आहे ते त्यांच्या उघड्या हातात देऊ नका.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. १ मे २०१२ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या मालाची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर टाकली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर गेली. त्यात फ्रिज-टीव्हीच नव्हे, तर इस्त्री, टोस्टर, पंखेही आले. तेव्हा कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करा आणि जुने कुठे द्यायचे ते विचारा. एक्स्चेंजमध्ये देताना दुकानदाराला "हे पुढे कुठे जाते?" हा एक प्रश्न जरूर विचारा. दहा जणींनी विचारले की त्याला उत्तर शोधावेच लागेल. इन्व्हर्टरची बॅटरी विक्रेत्याने परत घ्यायची, असा नियम तर २००१ मध्येच आला होता. नवी घेताना जुनीचे पैसे वळते करून घ्या. फोन आणि संगणक देण्याआधी त्यातले फोटो, बँकेची माहिती पुसून टाका. आणि कोणतेही यंत्र घरी उघडू नका. मायक्रोवेव्हमध्ये प्लग काढल्यावरही जोराचा झटका बसेल इतकी वीज साठून राहू शकते.

बाप्पाला आपण निरोप कसा देतो? आधी उत्तरपूजा करतो, मूर्ती जागेवरून किंचित हलवतो, मग विसर्जन. पूर्वी कुठल्याही तळ्यात विसर्जन व्हायचे. आता हलसूर, सँकी, यडियूर इथल्या कल्याणींत करतो, कित्येक घरी शाडूची मूर्ती बादलीत विरघळवतो. भक्ती काही कमी झाली नाही. तळ्याची काळजी तेवढी वाढली. दसऱ्याला आयुधपूजेच्या दिवशी आपण याच मिक्सर-ग्राइंडरला हळदकुंकू लावतो. वर्षानुवर्षे ज्यांनी आपले कष्ट वाचवले, त्यांचा शेवट रिकाम्या साइटवर दगडाखाली होऊ नये, एवढेच मागणे आहे.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे. दसऱ्याआधीच्या एका रविवारी मंडळाच्या आवारात जुनी उपकरणे गोळा करावीत आणि नोंदणीकृत संस्थेची गाडी बोलवावी. पहिले वॉशिंग मशीन माझे. उचलायला मात्र दोन तरुण पाठवा!

 गणपती बाप्पा मोरया!