धान्याचा भाव कोण ठरवतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



१९७२ चा दुष्काळ म्हटला की महाराष्ट्राला खडी फोडणारी माणसे, सुकडी आणि रेशनवरची तांबडी मिलो आठवते. ती परदेशी ज्वारी आपल्या ताटात पडत होती, त्याच सुमारास जगाच्या धान्यबाजारात जे घडले ते आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक आहे.

त्या वर्षी सोव्हिएत रशियाचे पीक बुडाले. जुलै-ऑगस्टमध्ये रशियाचे खरेदीदार अमेरिकेतील मूठभर निर्यातदार कंपन्यांना वेगवेगळे गाठून गुपचूप सौदे करीत होते. पाहता पाहता अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा पाव हिश्शाहून अधिक भाग विकला गेला. निर्यातीचा भाव स्वस्त राहावा म्हणून अमेरिकन सरकार ह्या कंपन्यांना अनुदान देत होते. म्हणजे करदात्याच्या पैशाने व्यापाऱ्यांचा नफा पोसला गेला. ओक्लाहोमा-टेक्ससच्या कित्येक शेतकऱ्यांनी तर ह्या सौद्यांची वार्ता कानी येण्यापूर्वीच स्वस्तात गहू विकून टाकला होता. वर्षभरात भाव दुपटीहून अधिक चढले आणि त्याचा भार आपल्यासारख्या आयात करणाऱ्या गरीब देशांवर पडला.

कोणी म्हणेल, पीक घटले म्हणून भाव चढले. पीक घटले हे खरे. परंतु जगाच्या उत्पादनातील घट काही टक्क्यांचीच होती. मग भाव दुप्पट का व्हावेत? कारण बहुतेक धान्य पिकते त्याच देशात खपते. जागतिक बाजारात येतो तो थोडा हिस्सा, आणि त्या हिश्शावर जरा ताण पडला की भाव उसळतात. अशा वेळी साठा कोणाच्या हाती आणि बातमी कोणाच्या कानी, ह्यावर सारे अवलंबून असते.

२००८ साली हेच पुन्हा दिसले. तांदळाचे पीक चांगले होते. तरीही भारत, व्हिएतनाम आदी देशांनी निर्यात रोखली, फिलिपाईन्सने घाईने खरेदी केली आणि काही महिन्यांत भाव दुपटीच्याही वर गेले. जपानने गोदामातील तांदूळ देण्याची तयारी दाखवताच ते उतरू लागले. नुसत्या साठ्याच्या आश्वासनात केवढी शक्ती असते!

आपल्या देशाचा अनुभवही हेच सांगतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे गव्हाचे भाव भडकले आणि उष्णतेने पिकाला झळ बसली. व्यापारी हमीभावापेक्षा अधिक दर देत असल्याने सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या सुमारे ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली. मग १३ मे रोजी सरकारने निर्यातबंदी लादली. खाणाऱ्याला दिलासा मिळाला, पण त्याची किंमत पिकवणाऱ्याने मोजली. सरकारने शेतकऱ्याला वेळीच अधिक भाव देऊन गोदामे भरली असती, तर ह्या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची पाळी आली नसती.

१९७२ च्या प्रकरणानंतर अमेरिकेने मोठ्या निर्यात-सौद्यांची माहिती जाहीर करणे कायद्याने बंधनकारक केले. तथापि बड्या कंपन्यांच्या गोदामांत किती धान्य आहे, हे जगाला आजही नीट कळत नाही.

म्हणून आपली मागणी दुहेरी असली पाहिजे: शेतकऱ्याला परवडेल अशा भावाने भरलेली सार्वजनिक गोदामे आणि खासगी साठ्यांची उघड नोंद. गावोगाव हा विषय मांडताना दुष्काळाला जरूर दोष द्या. पण पाऊस न पडणे आणि भाव भडकणे ह्यांच्या मध्ये एक गोदाम असते आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारायला विसरू नका.