टोलीची सभा कुठं आहे?



सकाळपासून एकामागून एक वक्ते गोंदियाला ‘छोटा भारत’ म्हणत आहेत. बंगाल-नागपूर रेल्वेनं तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी माणसं आणली. बिडी-तंबाखूच्या धंद्यानं गुजराती आणले, फाळणीनं सिंधी. धानाच्या गिरण्यांच्या मागं भोवतालच्या खेड्यांतून पोवार, लोधी, मरार, गोंड आले. सगळं खरं. पण रेल्वेच्या डब्यातही असे सगळे बसतात. तेवढ्यानं त्यांची संघटना होत नाही. आपण शेजारी राहतो, याचं कौतुक आता पुरे.

मला विचारायचं आहे ते वेगळंच. देवरी तालुक्यातल्या जंगलातल्या गावाला ग्रामसभा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं तिला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. या जिल्ह्यातल्या आणि गडचिरोलीतल्या ग्रामसभा २०१३ च्या सुमारास तेंदूपानं स्वतः विकायला उभ्या राहिल्या, पुढं एकत्र येऊन लिलाव करू लागल्या. ज्या पानावर या शहरातल्या बिडीच्या पेढ्या उभ्या राहिल्या, त्या पानाचा भाव ठरवायला गावातली गोंड बाई बसते. आणि तिचाच भाचा शहरात येऊन नझूलच्या, म्हणजे सरकारी, जागेवर झोपडं बांधतो, तेव्हा त्याला कोणती सभा आहे? कोणतीच नाही.

हे मी रागानं बोलत नाही, कायदाच तसा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या ३ लाख वा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत. २०११ च्या जनगणनेत आपण १ लाख ३२ हजारांच्या घरात. म्हणजे गाव म्हणावं तर फार मोठं, शहर म्हणावं तर फार लहान! २००९ साली राज्यानं शहरांसाठी क्षेत्रसभा कायद्यात आणली खरी. पण आपल्या टोलीत, म्हणजे वस्तीत, अशी सभा भरलेली ज्यानं डोळ्यांनी पाहिली, त्यानं हात वर करावा. नाही ना? पुढं ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकल्या आणि राज्यातल्या कितीतरी नगर परिषदा, आपलीही, प्रशासकाच्या हाती गेल्या. त्या काळात नालीसाठी कुणाच्या दारात जायचं, हेही लोकांना ठाऊक नव्हतं. आणि आपण काय केलं? आपापल्या समाजाचा मेळावा घेतला.

इथं काहींना राग येईल, येऊ द्या. आपल्याकडं जवळजवळ प्रत्येक समाजाला आमदार-खासदार निधीतून भवन हवं असतं. लग्नाला, वधू-वर मेळाव्याला ते बरं. पण मोहल्ल्याचं भवन मागायला एकही शिष्टमंडळ जात नाही. कारण मोहल्ला एकगठ्ठा मत देत नाही, समाज देतो. पुढाऱ्याला हे कळतं, आणि आपल्यालाही कळतं. म्हणून आपण दोघंही गप्प.

सणाच्या तोंडावर शांतता समिती बसते. तीच माणसं, तोच चहा, तीच बिस्किटं. बैठक संपली की वर्षभर एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. याउलट भिवंडीचं उदाहरण आठवा. १९७० ला तिथं दंगल, १९८४ ला पुन्हा. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. त्यांत मिरवणारे पुढारी कमी, सामान्य शेजारी जास्त. वर्षभर भेटायचं, आणि भेटायचं तेही किरकोळ तंट्यांवर. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, शेजारची भिवंडी पेटली नाही. त्यानंतर मुंबईनं धडा घेतला. ज्युलिओ रिबेरो, पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्यासारखी माणसं मोहल्ला समित्यांच्या कामाला लागली. एकात्मतेवरचं भाषण ऐकून भिवंडी शहाणी झाली नव्हती. भांडण कुठं मिटवायचं ती जागा तिथं आधीच तयार होती.

एक आक्षेप मला ठाऊक आहे: ‘सर, ते पोलिसांनी केलं, आपल्या हाती काय?’ बरोबर. पोलिसाच्या आश्रयानं उभी राहिलेली कमिटी पोलीस बदलला की डळमळते. म्हणूनच आपल्याला स्वतःची हवी. आणि ती प्रेमातून नव्हे, गरजेतून उभी राहील. वरच्या वस्तीतला टिल्लू पंप खालच्या वस्तीचं पाणी ओढतो. एका वस्तीच्या कचऱ्यानं तुंबलेली नाली दुसऱ्या वस्तीच्या अंगणात उलटते. या भांडणात सिंधी, बौद्ध, पोवार, मुसलमान सगळे खऱ्या अर्थानं एकमेकांत गुंतलेले आहेत. हे भांडण बसून केलं तर युती होते. ते दाबलं तर पुढारी येतो आणि त्याला धर्माचं नाव देतो.

मतं एक करायची गरज नाही. दोघांनी वेगवेगळ्या पक्षांना मत द्यावं, वेगवेगळ्या दैवतांना नमस्कार करावा, आणि नालीच्या अर्जावर दोघांनी सही करावी. हे ज्याला जमत नाही, त्यानं कृपा करून ‘छोटा भारत’ हा शब्द वापरू नये.

आभारप्रदर्शन थांबवा, आधी ठराव घ्या. लागून असलेल्या वस्त्यांनी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळीपाळीनं एकेका अंगणात बसावं. इतिवृत्त मराठीत आणि हिंदीत लिहावं. नगर परिषदेला जाणाऱ्या अर्जावर कुणा पुढाऱ्याची सही नसावी. त्या बैठकीला बसलेल्या प्रत्येक बाईची आणि पुरुषाची असावी. पहिला विषय नालीचा. पहिलं अंगण कोण देतं?