गुहेतल्या पाण्यात कोणता दिवा न्यावा



मालवणला, नेत्राणीला नाहीतर अंदमानात स्कूबा शिकलेली आपली काही मुलं आता पुढची पायरी चढायला निघाली आहेत. त्यांना पाण्याने भरलेल्या गुहांत जायचं आहे. त्यासाठी बाहेर जावं लागतं. आपला सह्याद्री बेसाल्टचा, आणि अशा गुहा होतात चुनखडीत. म्हणून ही मंडळी मेक्सिकोत युकातानला जातात. तिथे विहिरीसारखी कुंडं आहेत, त्यांना सेनोटे म्हणतात, आणि त्या कुंडांखाली मैलोन् मैल बोगदे पसरले आहेत. काही जण फ्लोरिडाच्या झऱ्यांत जातात. फौजेतून निवृत्त झाल्यावर मीही हा नाद लावून घेतला, त्यामुळे जाण्याआधी फोन येतो: "सर, मुख्य दिवा कोणता घेऊ? किती लुमेनचा?"

मी उलट विचारतो, किती वेळाचा?

आपल्याकडे टॉर्चला सरळ 'बॅटरी' म्हणतात. शहरी मुलं या शब्दाला हसतात, पण या बाबतीत आपल्या आज्ज्या बरोबर होत्या. तुम्ही पैसे मोजता ते बॅटरीसाठी. पुढचा एलईडी आता सगळ्यांचाच चांगला असतो.

समुद्रात दिवा गेला तर तुम्ही सावकाश वर येता. गुहेत वर खडक आहे. ज्या वाटेने आत गेलात त्याच वाटेने, तितकंच अंतर पोहत परत यायचं, तेही अंधारात. शेक एक्सली नावाच्या अमेरिकन गुहा-पाणबुड्याने अपघातांचा अभ्यास करून १९७९ साली एक छोटं पुस्तक काढलं. बाहेरपर्यंत अखंड दोरी हवी, आत जाताना एक तृतीयांशापेक्षा जास्त हवा वापरायची नाही, खोलीची मर्यादा पाळायची, हे नियम त्याने तिथे ठासून मांडले. पुढे त्यांना प्रशिक्षणाची आणि दिव्यांची जोड मिळाली. आज प्रत्येकाकडे किमान तीन दिवे लागतात, एक मुख्य आणि दोन राखीव. मुख्य दिवा गेला की राखीव लावायचा आणि सगळ्यांनी मागे फिरायचं. "अजून दोन आहेत, थोडं पुढे जाऊ" हे वाक्य तिथे चालत नाही.

आता वेळेचा हिशेब. पाण्यात एक तास राहणार असाल तर पूर्ण प्रकाशावर किमान दीड तास चालणारा दिवा घ्या, हा माझा नियम. आणि खोक्यावर छापलेल्या वेळेवर जाऊ नका. घरी बादलीत पाणी भरा, दिवा त्यात बुडवून लावा, घड्याळ लावून बसा. पाण्यातच लावा, कारण हे दिवे पाण्याने थंड होतात आणि बाहेर तासभर ठेवले तर तापतात. दर पंधरा मिनिटांनी भिंतीवरचा उजेड बघून वहीत लिहा. काही दिवे हळूहळू मंद होतात, काही शेवटपर्यंत लख्ख राहून एकदम विझतात. आपला कोणत्या जातीचा आहे ते बादलीत कळलेलं बरं. लिथियम बॅटरी वर्षागणिक उतरते, म्हणून प्रत्येक मोहिमेआधी हे करायचं. आमच्या बायकोला ही बादली अजिबात आवडत नाही.

दुसरी गोष्ट, जी नव्या मुलांच्या लक्षात येत नाही. गुहेत दिवा हे बोलण्याचं साधन आहे. फौजेत आम्हाला रात्री उजेड लपवायला शिकवलं. पहारेकऱ्याची विडीसुद्धा लांबून दिसते. इथे अगदी उलटं. पुढच्या माणसाला मागे वळून न बघता कळलं पाहिजे की मागचा ठीक आहे, आणि ते कळतं मागच्याच्या दिव्याच्या ठिपक्यावरून. तो ठिपका माझ्या बाजूच्या भिंतीवर संथ फिरतोय म्हणजे सगळं ठीक. गोल फिरवला तर 'ओके'. हळू आडवा हलवला तर 'इकडे लक्ष द्या'. भराभर आडवा हलवला तर संकट.

म्हणून झोत बारीक हवा. साधारण सहा ते आठ अंशांचा, मध्ये ठसठशीत ठिपका, भोवती थोडं मंद वलय. लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. तो सगळीकडे पसरला तर आकडा मोठा, पण ठिपका नाही. एकदा माझ्या मागे एक जण व्हिडिओसाठीचा रुंद दिवा घेऊन आला होता. अख्खी गुहा दिवाळीसारखी उजळली. दृश्य सुंदर होतं, पण तो मला काही सांगतोय की नाही, हेच कळेना. मी मागे वळलो, अंगठा वर केला आणि डाइव्ह संपवली. तिथे अंगठ्याचा अर्थ 'शाबास' होत नाही. परत फिरा, असा होतो, आणि त्यावर वाद घालायचा नसतो. फोटोसाठी रुंद दिवा जरूर न्या, पण चौथा म्हणून.

रुंद झोताची आणखी एक अडचण. पावसाळ्यात आंबोली घाटात धुकं असताना कोणी हायबीम लावला तर काय होतं? समोर पांढरी भिंत. तळाचा गाळ उठला की पाण्यात तेच होतं.

गाळ फारच असेल तर कोणताही दिवा कामाचा नाही. २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते, ते आठवत असेल. पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही होते. गढूळ पाण्यात पाणबुडे हाताने दोरी चाचपत जात होते. ब्रिटिश पाणबुडे हेल्मेटवर दिवे लावतात, कारण त्यांच्याकडच्या गुहा अरुंद आणि गढूळ, दोन्ही हात मोकळे लागतात. युकातानच्या नितळ पाण्यात हातावरचा दिवा बरा. डोक्यावर असला तर तुम्ही ज्याच्याकडे बघाल त्याच्या डोळ्यांत उजेड. म्हणजे आधी गुहा ठरवा, मग दिवा.

हातावरचा दिवा बसतो तो गुडमन हँडलवर. तळहातात कडी, दिवा हाताच्या पाठीवर, बोटं मोकळी. बहुतेक जण डाव्या हातावर लावतात, उजवा हात जोडीदाराला हवा द्यायला रिकामा राहतो.

यात दोन प्रकार. एकात बॅटरीचा डबा कमरेला आणि तिथून केबल हातापर्यंत. दुसऱ्यात सगळं हातावरच. डबेवाला जास्त वेळ चालतो, पण केबल अडकते आणि ती डब्यात शिरते तिथे पाणी शिरायची भीती. पहिल्या कोर्ससाठी आणि युकातानच्या तासाभराच्या डाइव्हला बिनकेबलचा पुरतो, असं माझं मत. फ्लोरिडात लांब जायचं असेल तर डबेवालाच. कोणी जुना एचआयडी दिवा स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्याचा बल्ब नाजूक, आणि एकदा बंद केला की थंड होईपर्यंत पुन्हा लागत नाही.

बटण साधं हवं, चालू आणि बंद. बाजारातल्या पुष्कळ टॉर्चना तीनदा दाबलं की लुकलुकायची सोय असते. गुहेत चुकून लुकलुकला तर पुढचा माणूस संकट समजून झेपावेल. असला दिवा मुख्य म्हणून नको.

आणि दिवा गेलाच तर? दोघं असाल तर ज्याचा गेला तो राखीव दिवा लावून पुढे, चांगला दिवा मागे. मागून येणारा उजेड दोघांनाही पुरतो आणि पुढचा नजरेसमोर राहतो. हा सराव डोळे मिटून, दोरीला हात लावून, आधी जमिनीवर करा. अंगणात झाडांना दोरी बांधली तरी चालते.

शेवटी विमानाचं. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या, चेक-इनच्या बॅगेत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण नसते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावरची प्रवाशाला नेता येत नाही. हिशेब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १४.४ व्होल्ट, ६.८ अँपिअर-अवरची बॅटरी ९८ भरते, ती जाते. १०.८ व्होल्ट, १३.६ ची १४७ होते, तिच्यासाठी आधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. टोकांना चिकटपट्टी लावा. आणि बॅटरीवरचा आकडा पुसट झाला असेल तर सोबत कंपनीचं माहितीपत्रक ठेवा, सिक्युरिटीवरचा जवान तुमच्या तोंडी हिशेबावर विश्वास ठेवणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही ठेवला नसता.