उष्णता, आवाज आणि एक फट

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात राष्ट्रीय विज्ञान दिनी मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञान दिनाचे भाषण मराठीच्या बाईंनी करावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ते मलाही वाटले. परंतु आपल्या विज्ञानशिक्षकांनी यंदा एक अट घातली आहे: पुस्तकातले सांगायचे नाही, स्वतःच्या हातांनी केलेले सांगायचे. माझ्या हातांनी आजवर वह्या तपासल्या, पोळ्या लाटल्या आणि एकदा, फक्त एकदा, मोटारीला अस्तर लावले. म्हणून आज मी त्या अस्तराविषयी बोलणार आहे.

माझे थोरले बंधू याच शाळेचे विद्यार्थी. शिक्षण संपवून ते इंग्लंडला गेले आणि कॉव्हेंट्री शहरात पत्रे दाबणाऱ्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षे नोकरी केली. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या गॅरेजमध्ये स्वतः मोटार जोडायला घेतली. सांगाडा, फायबरग्लासचे अंग, दिवे, तारा, सारे सुटे भाग खोक्यांतून येतात. इंजिन आणि गीअर बहुधा एखाद्या जुन्या गाडीचे घेतात. अशा गाडीला तिकडे ‘किट कार’ म्हणतात.

या छंदाची मुळे ब्रिटनमध्ये खोल गेली आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे नव्या तयार मोटारीवर जबर खरेदी कर असे. सुट्या भागांच्या रूपात घेतलेल्या गाडीला तो लागत नसे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 1957 साली आणलेली ‘सेव्हन’ ही गाडी त्यामुळेच कितीतरी हौशी लोकांनी आपापल्या घरी जोडली. 1973 मध्ये खरेदी कराची जागा मूल्यवर्धित कराने घेतली आणि करातली ती पळवाट बुजली. हौस मात्र बुजली नाही. आजही अशी गाडी सरकारी तपासणीत उत्तीर्ण झाली की रस्त्यावर येते.

कारखान्यातून येणाऱ्या मोटारीत उष्णता आणि आवाज अडवण्यासाठी किती थर दडलेले असतात, हे आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याची किंमतही कळत नाही. किट कारमध्ये ते थर नसतात. इंजिनाचा कप्पा आणि माणसांची बैठक यांच्यामध्ये असते ती केवळ एक पातळ पत्र्याची आडभिंत. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळी सुटीत मी दादाकडे गेले आणि त्या गाडीत प्रथम बसले. दहा मैलांत माझ्या चपलांचे तळवे गरम झाले. गीअरच्या दांड्याभोवतीचा उंचवटा तापलेल्या तव्याच्या कडेसारखा झाला. मी काही विचारले, दादा हसून मान हलवीत राहिले. उतरल्यावर माझ्या लक्षात आले, त्यांना माझा एकही शब्द ऐकू आला नव्हता.

वहिनींनी त्या रात्री मला सांगितले. यंत्रांच्या धडधडाटात तीस वर्षे काढल्यामुळे दादांची श्रवणशक्ती बरीच गेली होती. गेलेली परत येत नाही, उरलेली जपा, असे डॉक्टरांनी बजावले होते. गाडी शांत करा किंवा विकून टाका, असा वहिनींचा हट्ट होता. दादांना दोन्ही मान्य नव्हते. विकायची नव्हती, कारण ती चार वर्षांची मेहनत होती. अस्तर लावायचे नव्हते, कारण हलकेपणा हाच अशा गाडीचा धर्म.

मी मोबाइलवर आवाज मोजला. साठ मैलांच्या वेगाला 91 डेसिबेल. मोबाइलचे माप काटेकोर नसते, पण अंदाज येतो. अमेरिकेतील निऑश ही व्यावसायिक आरोग्याची संस्था सांगते की 85 डेसिबेलचा आवाज दिवसाला आठ तासांहून अधिक सोसू नये आणि त्यापुढे दर तीन डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 91 ला दोन तास. हा हिशेब मी कागदावर मांडून दादांपुढे ठेवला. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “उद्या सीटा काढू या.”

आमची पहिली चूक त्याच आठवड्यात झाली. छपराच्या गळतीवर लावतात ती डांबरी पट्टी स्वस्तात मिळाली, ती दादांनी आडभिंतीवर चिकटवली. गाडी तापताच पट्टी घसरली आणि आत डांबराचा असा वास कोंदला की खिडक्या उघडून परत यावे लागले. मी सुचवलेला गादीचा स्पंज तर त्याहून धोक्याचा होता. तो सहज पेट घेतो आणि पाणी धरून ठेवून खालचा पत्रा गंजवतो. इंजिनाजवळ न जळणारी आणि पाणी न पिणारी वस्तूच लावावी, हा पहिला धडा.

मग दादांनी एक वही आणली आणि आम्ही आधी शोध घ्यायचे ठरवले. त्रास होतो, हे खरे. पण तो येतो कुठून?

उष्णता तीन वाटांनी येते, हे आपण सातवी-आठवीत शिकतो: वहन, अभिसरण आणि प्रारण. चुलीवरच्या भांड्याचा कान हाताला भाजतो ते वहन. वाफाळलेली हवा वर येते ते अभिसरण. आणि शेकोटीपासून चार हात दूर बसूनही तोंड शेकते, ते प्रारण. इंजिनातून निघणारी धुराची नळी काहीशे अंशांपर्यंत तापते. तापलेल्या वस्तूचे प्रारण तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे तापमान दुप्पट झाले तर प्रारण सोळापट. आमच्या पायांना भाजणारी उष्णता मुख्यतः याच वाटेने आडभिंतीवर आदळत होती.

प्रारणाला जाडजूड गादीपेक्षा चकचकीत पत्रा भारी पडतो. स्वच्छ ॲल्युमिनियम त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग परतवून लावते. मात्र त्याला एक अट आहे. त्याच्यासमोर मोकळी हवा हवी. तोच पत्रा तापलेल्या वस्तूला चिकटला की आरशाचे काम विसरून उष्णता वाहून नेऊ लागतो. म्हणून आम्ही नळी आणि आडभिंत यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा दोन्हींपासून बोटभर अंतर ठेवून बसवला. नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली. बॉनेटला तिरप्या फटी पाडून गरम हवेला बाहेरची वाट दिली. माजघरातला धूर कोंडायचा नसेल तर धारे उघडे ठेवावे लागते, ही आपल्या आज्यांची अक्कल इथेही उपयोगी पडली.

आवाजाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. स्वयंपाकघरात थाळी पडली की ती झणझणत राहते. कडेला बोट ठेवले की गप्प होते. पत्र्याचेही तसेच. त्याच्या थरथरीला बोट लावण्यासाठी ब्युटाइल रबराचे चिकट तुकडे मिळतात, त्यांच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा पातळ पदर असतो. सारा पत्रा झाकावा लागत नाही, मधला तिसरा-चौथा हिस्सा झाकला तरी त्याचे झणझणणे थांबते. ज्यांच्या शोधाचा आज आपण दिवस साजरा करीत आहोत, त्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मृदंग-तबल्याचाही अभ्यास केला होता. पुडीच्या मधोमध वजन भरले की तिच्या कंपनांचा स्वभाव कसा बदलतो आणि नाद कसा सुरेल होतो, हे त्यांनी 1920 च्या सुमारास दाखवले. तिथे नाद साधण्यासाठी शाई, इथे नाद मारण्यासाठी रबर. वस्तूचे कंपन तिच्यावरच्या भाराशी बांधलेले असते, हे तत्त्व मात्र दोन्हीकडे आहे.

थरथर थांबली तरी हवेतून येणारा आवाज उरतोच. तो अडवायला वजन लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले की आवाज साधारण सहा डेसिबेलने घटतो. दादांचे मन इथेच अडत होते, कारण दर वेळी दुप्पट करीत गेलो तर गाडीचा रणगाडा होईल. तोड अशी निघाली की वजनदार पातळ चादर फक्त आडभिंतीवर आणि गीअरच्या उंचवट्यावर लावायची, तीही पत्र्याला थेट न चिकटवता मध्ये मऊ थर ठेवून. आणि वर नमद्यासारखे, आतला घुमारा पिणारे अस्तर.

एवढे करून आम्ही फेरी मारली. पाय शेकणे थांबले होते, पण आवाज जेमतेम दोन डेसिबेलने उतरला होता. दादा हिरमुसले. वजन वाढवून मिळवले काय?

संध्याकाळी गॅरेजमधला दिवा घालवून मी सहज आडभिंतीच्या दुसऱ्या बाजूने विजेरी धरली आणि दादांना आत बसवले. अंधारात त्यांना आकाशातल्यासारखे तारे दिसले. स्टिअरिंगचा दांडा, क्लचची तार, हीटरच्या नळ्या, वायरींचे जुडगे, जिथून जिथून काही आत येत होते तिथे तिथे भोक होते आणि भोवती फट होती. गणित सोपे आहे. भिंतीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीची भिंत कितीही जाड करा, ती वीस डेसिबेलपेक्षा अधिक आवाज अडवू शकत नाही. आम्ही नव्व्याण्णव भागांवर पैसे आणि घाम खर्च केला होता. आवाज उरलेल्या एका भागातून निवांत येत होता.

पुढचे दोन दिवस आम्ही फक्त फटी बुजवल्या. तारांना रबरी ग्रोमेट, दांड्याला रबरी बूट, कडांना उष्णता सोसणारा लेप. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कंटाळवाणे काम तेच होते. त्यानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला 84 डेसिबेल भरले. सात डेसिबेल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा एक पंचमांश. वजन वाढले ते आपल्या पाचवीतल्या एखाद्या किडकिडीत मुलापेक्षाही कमी.

त्या फेरीत दादांनी मला विचारले, “शेवटी आई माझं नाव घेत होती का गं?” आई गेली तेव्हा ते येऊ शकले नव्हते. सहा वर्षांत फोनवर आम्ही हवामान बोललो, औषधे बोललो, हा प्रश्न कधी आला नव्हता. मी उत्तर दिले. ते त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आले. त्या उत्तराविषयी मी इथे अधिक बोलणार नाही.

आता आपल्या बडोद्यात परत येते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तोच मोबाइल घेऊन मी रस्त्याकडच्या शेडमधील सहावीच्या वर्गात उभी राहिले. मुले नव्हती, खिडक्या बंद होत्या, तरी आकडा साठच्या वर गेला. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 साली सुचवलेली वर्गातील मर्यादा 35 डेसिबेल आहे. आपल्या देशाच्या 2000 सालच्या नियमांनुसार शाळेभोवतीच्या शंभर मीटरांत, शांतता क्षेत्रात, दिवसाची मर्यादा 50 आहे. रिक्षांना हा नियम मी शिकवू शकत नव्हते. पण विजेरी माझ्याकडे होती.

शिपाईमामा बाहेर, मी आत. दाराखाली दोन बोटे फट, झडपेची फुटलेली काच, पत्रा आणि भिंत यांच्या सांध्यात उजेडाची सलग रेघ. आपण त्या फटी बुजवल्या, बाकांच्या पायांना रबरी बूट घातले, मागच्या भिंतीवर नमद्याचे फलक लावले. रस्त्याकडच्या खिडक्या बंद आणि बागेकडच्या उघड्या, अशी व्यवस्था केली, कारण बडोद्याच्या उन्हात हवा कोंडून मिळवलेली शांतता मुलांच्या काय कामाची? अहमदाबाद महापालिकेच्या उष्णता कृती योजनेत गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचा उपक्रम आहे. त्याच धर्तीवर आपल्या पत्र्यालाही पांढरा हात दिला. सारा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा कमी आला.

त्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसे. ‘लक्ष देत नाही’ असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकावर दोन वर्षे होता. एका वर्षीची सही माझी होती. दुरुस्तीनंतर तो एकाएकी हात वर करू लागला. मला दादांची ती हसून हललेली मान आठवली आणि मी त्याच्या पालकांना कान तपासून घेण्यास सांगितले. त्याला एका कानाने फार कमी ऐकू येत होते. आज तो पहिल्या बाकावर, चांगला कान माझ्याकडे करून बसतो. तो शेरा मी खोडला आहे. दोन वर्षे मात्र मला खोडता येत नाहीत.

साठ वर्षांपूर्वी परमुलखात मराठी शाळा काढणाऱ्यांनी मोठ्या कष्टाने या भिंती उभ्या केल्या. आपण महोत्सव करतो तो भिंतींचा. माझी विनंती एवढीच आहे, की वर्षातून एकदा दिवे मालवून, विजेरी घेऊन, या भिंतींतल्या फटीही पाहाव्यात. बुजवण्यासारख्या बुजवाव्यात. आणि एखादे मूल आपले ऐकत नाही असे वाटले, तर आपला शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतो आहे का, हे आधी तपासावे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी संस्थेला ‘काय हवे ते सांगा’ असे प्रेमाने कळवले आहे. संकोच न करता सांगते. शेडमधले अजून तीन वर्ग बाकी आहेत.