नवे औषध आणि जुनी चकती
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषणाचा मजकूर)



जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयुष्य घालविलेल्या बाईला आपण बोलण्यास बोलाविलेत. मला व्यासपीठापेक्षा काचेच्या बशांची सवय अधिक, तेव्हा त्या बशांबद्दलच बोलते. विषय आहे क्विनोलोन गटातील औषधे आणि त्यांची प्रयोगशाळेतील परीक्षा. नाव परके वाटेल. पण नॉरफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गोळ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी येऊन गेल्या आहेत. काहींच्या कपाटात उरलेल्या दोन-चार अजून असतीलही.

या गटाचा जन्म योगायोगाने झाला. हिवतापावरील क्लोरोक्विन तयार करताना एक उपपदार्थ हाती लागला. जॉर्ज लेशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या मागावर जाऊन १९६२ साली नॅलिडिक्सिक ॲसिड हे औषध पुढे आणले. ते मुख्यतः लघवीच्या संसर्गापुरते उपयोगी पडे. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूत फ्लोरिनचा एक अणू बसविला, आणखीही फेरफार केले, आणि १९८७ साली सिप्रोफ्लॉक्सासिन बाजारात आले. जंतूच्या पेशीत डीएनएचा लांब दोर पीळ घालून ठेवलेला असतो. जायरेज नावाचे एन्झाइम तो दोर कापते, पीळ नीट करते आणि पुन्हा सांधते. क्विनोलोन औषध कापल्यानंतर आणि सांधण्यापूर्वीच त्याला पकडून ठेवते. दोर तुटलेलाच राहतो आणि जंतू मरतो.

आता परीक्षा कशी घेतात? नळ्यांची एक रांग मांडतात. पहिलीत औषध जास्त, दुसरीत त्याच्या निम्मे, तिसरीत त्याच्याही निम्मे. प्रत्येक नळीत सारखेच जंतू सोडून ३५ अंश उष्णतेत १६ ते २० तास ठेवतात. ज्या सर्वांत कमी मात्रेच्या नळीतले पाणी गढूळ होत नाही, ती त्या औषधाची किमान रोधक मात्रा. नेहमीच्या चाचणीसाठी ठेवलेल्या ई. कोलाय जंतूला रोखण्यास नॅलिडिक्सिक ॲसिड दर मिलिलिटरला १ ते ४ मायक्रोग्रॅम लागते, सिप्रोफ्लॉक्सासिन ०.००४ ते ०.०१६ पुरते. म्हणजे जवळजवळ अडीचशे पट फरक! जुन्या औषधाकडे मग कोण पाहणार?

रोजच्या कामात नळ्यांऐवजी चकत्या वापरतात. बशीत अगारचा थर, त्यावर जंतू सारवायचे, औषध भिजविलेली कागदी चकती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवतीचे स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजायचे. सोपे दिसते, पण थर ४ मिलिमीटरचाच हवा. जाड झाला तर वर्तुळ आकसते आणि चांगले औषध निकामी ठरते. पातळ झाला तर उलट. म्हणून ओळखीचा जंतू बरोबर लावून त्याचे वर्तुळ आधी तपासतात. ते चुकले तर त्या दिवशीचे अहवाल थांबवावेत, डॉक्टरांचा फोन कितीही आला तरी.

आता १९९८ सालची गोष्ट. नववीतल्या एका मुलाच्या रक्तात विषमज्वराचा जंतू सापडला. सिप्रोच्या चकतीभोवती २५ मिलिमीटरचे वर्तुळ होते. त्या काळच्या नियमाप्रमाणे २१ किंवा अधिक म्हणजे औषध लागू. मी तसे लिहून सही केली. आठव्या दिवशी त्याची अम्मी अहवाल घेऊन दारात उभी. "बाई, तुम्हीच लिहिलंत ना गोळी लागू पडते म्हणून? मग पोराचा ताप का उतरत नाही?" माझ्या मनात आले, डोस चुकविले असतील. तसे विचारलेही. तिने पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटे काढून टेबलावर मांडली. एकही डोस चुकला नव्हता. त्या विचारण्याची मला आजही लाज वाटते.

त्या सुमारास विषमज्वरातील अशा अपयशाबद्दल लिहून येऊ लागले होते. ते आठवून मी त्याच जंतूवर नॅलिडिक्सिक ॲसिडची जुनी चकती लावली. दुसऱ्या दिवशी पाहते तो वर्तुळच नाही. जंतू थेट चकतीच्या कडेला भिडलेले. मग सिप्रोच्या नळ्या लावल्या. साध्या विषमज्वराच्या जंतूला ०.०३ किंवा त्याहून कमी पुरते, याला ०.२५ लागले. नियमाची मर्यादा १ होती, म्हणून कागदावर तो अजूनही 'लागू' गटातच! जायरेजच्या जनुकात एकच बदल झाला होता. दुबळे जुने औषध त्याने पुरते हरले. बलवान नव्याची ताकद नुसती घटली, आणि ती घट आमच्या पट्टीला दिसली नाही. डॉक्टरांनी सेफ्ट्रायक्झोनची इंजेक्शने सुरू केली. काही दिवसांनी ताप उतरला. तेव्हापासून आमच्याकडे विषमज्वराच्या प्रत्येक बशीत दोन्ही चकत्या लागू लागल्या.

अशा चाचण्यांचे नियम ठरविणाऱ्या अमेरिकेतील सीएलएसआय संस्थेने २०१२ मध्ये या जंतूसाठी मर्यादा बदलली: वर्तुळ ३१ मिलिमीटर, मात्रा ०.०६. माझ्या अहवालानंतर चौदा वर्षांनी.

नवी क्विनोलोन औषधे येतच आहेत. आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, वोक्हार्टच्या संशोधन केंद्रातून लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन पुढे आले; २०२० मध्ये त्याला भारतात मंजुरी मिळाली. सिप्रोला दाद न देणाऱ्या चिवट स्टॅफिलोकोकस जंतूंवरही ते चालते. गळवातील पू आम्लधर्मी असतो. तिथे सिप्रोचा जोर कमी होतो, याचा वाढतो. अर्थात बशी सगळे सांगत नाही. गॅटिफ्लॉक्सासिन बशीत उत्तम होते. पण रुग्णांच्या रक्तातील साखर बिघडू लागली आणि २०११ साली भारतात त्याच्या गोळ्या-इंजेक्शनांवर बंदी आली.

पालकांना एक विनंती. ताप चढता असेल आणि डॉक्टरांनी रक्ताचे कल्चर सांगितले, तर रक्त पहिल्या गोळीच्या आधी द्या. कपाटातली उरलेली गोळी आधी पोटात गेली की बशीत बहुधा काहीच उगवत नाही, आणि मग मोजायला आमच्याकडे वर्तुळही नसते. विद्यार्थ्यांपैकी कुणाला या बशा पाहायच्या असतील, तर शिक्षकांमार्फत कळवा. मी स्वतः दाखवीन.