ज्वारीच्या मुलखातील कोंबडी आणि हिरवा पाला

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाच्या मेळाव्यात कोंबड्यांचा विषय ऐकून काहींना हसू येईल. परंतु आपल्या सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत वह्या, कंपासपेटी, सहलीची वर्गणी ही अंड्यांच्या पैशांतून येते, हे वर्गशिक्षकाला ठाऊक असते. हा पैसा आईच्या हातचा. तो हल्ली आटत चालला आहे. मोहल्ल्यात घरे दाटली, परडी गेली, कोंबडी शेजाऱ्याच्या दारात गेली की भांडण ठरलेले. मग कोंबड्या कोंडून ठेवायच्या आणि खाद्य विकत आणायचे. कोंडलेली, अंड्यावरची कोंबडी दिवसाला सुमारे 100 ते 110 ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे पाच कोंबड्यांना महिन्याला 15 किलोच्या वर. हिशेब जुळत नाही आणि एके दिवशी खुराडे रिकामे होते.

आता कोंडलेल्या कोंबडीपुढे आपण काय टाकतो? ज्वारी, तांदळाची कणी, भाकरीचे तुकडे. त्याने पोट भरते. पण ज्याच्यापासून अ जीवनसत्त्व तयार होते ते द्रव्य ज्वारीत अगदी थोडे आणि कणीत नसल्यासारखेच. पिवळ्या मक्यात थोडे असते, हिरव्या पानात मात्र भरपूर. मोकळी कोंबडी बांधावरचा पाला आणि किडे टिपून ही उणीव स्वतःच भरून काढी. कोंडल्यावर तो मार्ग बंद झाला. बलक फिका पिवळा दिसू लागला की समजावे, पाला कमी पडतो आहे.

मात्र कोंबडी म्हणजे शेळी नव्हे. तिला रवंथ नाही. नुसत्या पाल्यावर ती जगणार नाही आणि अंडी तर मुळीच देणार नाही. दाणा हवाच. त्याच्या जोडीला दर कोंबडीमागे रोज 20-30 ग्रॅम पाला, म्हणजे एक मूठ, पुरे. ‘पाला लावा आणि खाद्याचा खर्च वाचवा’ असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. खर्च थोडा कमी होईल. खरा फायदा कोंबडीच्या तब्येतीचा आहे.

लावायचे काय? माझ्या मते पहिला मान शेवग्याचा. माण, खटाव, जत, आटपाडी अशा कोरड्या तालुक्यांतही तो तग धरतो. शेंगा घराला, पाला कोंबड्यांना. झाड डोक्याच्या उंचीवर छाटत राहावे म्हणजे फुटवे हाताशी येतात. पाणी असेल तिथे मेथी घास. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरला की दोनेक महिन्यांनी पहिली कापणी, पुढे साधारण महिन्याला एक. तो बारीक चिरूनच घालावा. लांब काड्या कोंबडीच्या गळ्याखालच्या पिशवीत गुंतून बसतात. पावसाळ्यात घोळ, तांदुळजा, पाथरी फुकट उगवतात. ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांनी फुटक्या घमेल्यात माठ पेरावा. अ‍ॅझोलाची हल्ली फार वाहवा होते. तो चांगला आहे, पण त्यात बहुतेक पाणीच असते. किलोचा आकडा ऐकून भुलू नये.

वाफा उघडा ठेवला तर कोंबड्या एका दुपारी उकरून टाकतात. त्यावर जाळीची चौकट वीतभर उंच ठेवावी; जाळीबाहेर आलेली पाने त्या खुडतात, मुळे शाबूत राहतात. किंवा पाल्याची जुडी बांधून चोचीच्या उंचीवर टांगावी. पायाखाली टाकलेला पाला निम्मा विष्ठेत जातो.

कोणता पाला टाळावा, हे विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावे, कारण पाला आणायला त्यांनाच पाठवतात. शेवरी शेळीला चालते, कोंबडीच्या पिलांना घातक ठरते. सुबाभळीतही विषारी अंश असतो. गाजरगवत, घाणेरी, एरंड यांना हात लावू नये. आणि तासगावकडच्या द्राक्षबागेतले किंवा तणनाशक मारलेल्या उसातले तण कितीही हिरवेगार दिसले तरी आणू नये.

आपल्यातल्या जुन्या घरांत घाणीत चरलेली कोंबडी जबह करण्यापूर्वी तीन दिवस कोंडून स्वच्छ दाण्यावर ठेवण्याची रीत आहे. हजरत इब्ने उमर असे करीत, असे सांगितले जाते. मग जिची अंडी आपली मुले रोज खातात तिला वर्षभर गटारात का सोडावे? मुसलमानाने लावलेल्या झाडाचे किंवा पिकाचे माणसाने, जनावराने वा पाखराने खाल्ले तर ते त्याचे सदकाच ठरते, अशा अर्थाची हदीस आपण सगळेच ऐकतो. त्यात पाखराचा उल्लेख आहे.

आणखी एक. महाराष्ट्रात 2023 साली शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले. जानेवारी 2025 मध्ये त्याचा शासकीय निधी थांबला. तेव्हा मातांना माझी विनंती अशी की, सगळी अंडी बाजारात पाठवू नका. गावठी अंड्याला भाव चांगला येतो हे खरे, पण आठवड्याला दोन तरी घरच्या मुलाच्या आणि मुलीच्याही ताटात पडू द्या. मुलीच्याही, हे मुद्दाम म्हणतो.

पाल्याने मानमोडी टळत नाही, त्यासाठी लस लागते. पिलांना सातव्या दिवसापासून लासोटा द्यावी, पुढचे डोस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावेत. शेवग्याच्या फांद्या पावसाच्या तोंडावर लावतात. हातभर लांब, अंगठ्यापेक्षा जाड फांदी घ्यावी. ज्यांना हव्या असतील त्यांनी जूनच्या पहिल्या जुम्म्यानंतर शाळेत यावे. येताना भिजवलेले पोते आणावे.