एप्पी कुणाची?



आज ज्या कादंबरीबद्दल बोलायचं आहे, ती १८६१ सालची, इंग्लंडच्या खेड्यातली. नाव ‘सायलस मार्नर’. लेखिका जॉर्ज एलियट. हे तिचं टोपणनाव. खरं नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स.

सायलस विणकर. शहरातल्या एका छोट्या पंथात वाढलेला. तिथे जिवलग मित्रानेच त्याच्यावर चोरीचं बालंट आणलं, मंडळींनी चिठ्ठ्या टाकून त्याला दोषी ठरवलं, ठरलेलं लग्न मोडलं. तो दूरच्या रॅव्हेलो गावी आला आणि १५ वर्षं हातमागावर एकटा बसून राहिला. मालेगाव-भिवंडीच्या मुलांच्या कानाला मागाचा आवाज सवयीचा असतो. रॅव्हेलोची मुलं मात्र त्याच्या खिडकीतून डोकावायची आणि घाबरून पळायची. त्याची नजर अधू, मधूनच झटका येऊन तो जागच्या जागी ताठ व्हायचा, शिवाय थोडी जडीबुटी जाणायचा. म्हणजे सैतानाशी संधान असणारच! परक्याबद्दल गावाला असं सगळं आधीच माहीत असतं. तुम्हाला हे नव्याने सांगायला नको.

त्याने साठवलेलं सोनं जमीनदाराचा मुलगा डन्स्टन चोरतो. सायलस धावत गुत्त्यात शिरतो, आणि ज्या गावकऱ्यांनी १५ वर्षं त्याला टाळलं, ते त्याला शेकोटीजवळ बसवून त्याचं म्हणणं ऐकून घेतात. पुढे डॉली नावाची शेजारीण घरी केलेले केक घेऊन, लहानग्या एरनचं बोट धरून त्याच्याकडे येते.

मग वर्षाअखेरची, बर्फाची रात्र. मॉली ही डन्स्टनच्या थोरल्या भावाची, गॉडफ्रीची बायको. पण हे लग्न त्याने लपवलेलं. अफूच्या नशेत ती वाटेतच कोसळते आणि मरते. तिची दोन वर्षांची मुलगी उजेडाच्या रोखाने चालत सायलसच्या उघड्या दारातून आत जाते. त्याला नेमका तेव्हाच झटका आलेला. भानावर आल्यावर चुलीपुढे पिवळं काहीतरी दिसतं. सोनं परत आलं म्हणून हात घालतो, तर बोटांना मऊ कुरळे केस लागतात. हा योगायोग मला जरा जास्तच जुळवून आणलेला वाटतो. पण त्यानंतरची पानं अस्सल आहेत.

सायलस मुलीला आपल्या आईचं नाव देतो. हाक मारायला एप्पी. काम करताना ती कुठे जाऊ नये म्हणून कापडाच्या पट्टीने मागाला बांधून ठेवतो. ती कात्रीने पट्टी कापते आणि पसार होते. सापडते ती डबक्याशी, आपल्या बुटात पाणी भरून जनावराच्या खुराच्या खळग्यात ओतत बसलेली. शिक्षा म्हणून तो तिला कोळशाच्या कोठीत घालतो, लगेच बाहेर काढतो, धुतो, कपडे बदलतो. पाठ वळवतो तोच बाई पुन्हा स्वतःहून कोठीत! शिक्षेचा विषय तिथेच संपतो. बाप होणं म्हणजे रोज असं हरणं. आणि या मुलीपायीच त्याला गावात दहा दारांशी जावं लागतं, विचारावं लागतं, बोलावं लागतं. गाव त्याचं होतं ते असं.

गॉडफ्री हे सगळं जवळून बघतो आणि गप्प राहतो. १६ वर्षांनी खाणीतलं पाणी उपसलं जातं, डन्स्टनचा सांगाडा आणि सोनं सापडतं. तेव्हा कुठे गॉडफ्री पत्नी नॅन्सीला खरं सांगतो. दोघं एप्पीला न्यायला येतात. सायलस विचारतो, १६ वर्षांपूर्वी का नाही आलात? एप्पीही नकार देते.

तेव्हा इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच नव्हता. तो आला १९२६ साली. सायलसकडे कागदाचा कपटाही नव्हता. आपल्याकडे शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं, की बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येतं. दत्तकाला मूलभूत हक्क म्हणायचं मात्र न्यायालयाने टाळलं. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात दत्तक मूल वारस ठरत नाही. हयातीत हिबा करता येतो, मृत्युपत्राने एरवी एक तृतीयांशापर्यंतच देता येतं. आपल्या किती घरांत बहिणीचं, शेजाऱ्याचं, कुणाकुणाचं मूल लेकरासारखं वाढतं! पण वाटणीच्या दिवशी त्याला उठून बाहेर बसावं लागतं. त्या मुलाला घरात आपण काय म्हणतो आणि कागदावर काय लिहितो, हे आपल्या बैठकांत बोलायला हवं.

मला आणखी एक माणूस विसरवत नाही: मॉली. नवऱ्याने नाकारलेली, बेवारस म्हणून पुरलेली. सायलस तिची लग्नाची अंगठी जपून ठेवतो आणि एप्पीला देतो. ती ज्या झुडपापाशी मेली, ते एप्पीला आपल्या बागेत लावायचं असतं.

शेवटी एप्पीचं त्याच एरनशी लग्न होतं, आणि सायलसला सोडून ती कुठे जात नाही. मेजवानीचा खर्च गॉडफ्री करतो. त्या दिवशी तो स्वतः मात्र परगावी गेलेला असतो.